सरकारचा वकील कोणाचा?

27 मे 1948. दिल्लीचा उन्हाळा ऐन भरात होता. लाल किल्ल्यातील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर खास न्यायालय भरले होते. आरोपींच्या बाकांवर आठ जण होते. त्यांतले बहुतेक मराठी. पुण्याचे, नगरचे, मुंबईचे. न्यायासनावर आय.सी.एस. अधिकारी आत्माचरण. साक्षीदार जे सांगतील ते सर्व आरोपींना कळावे म्हणून मराठी, हिंदुस्थानी आणि तेलुगू अशा तीन भाषांच्या दुभाष्यांची सोय केली होती. चार महिन्यांपूर्वी, 30 जानेवारीला, बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर महात्मा गांधींचा खून झाला होता. त्याच खुनाचा हा खटला.

कागदोपत्री खटल्याचे नाव होते 'रेक्स विरुद्ध नथुराम विनायक गोडसे आणि इतर'. रेक्स म्हणजे राजा. देश स्वतंत्र होऊन नऊ महिने झाले होते, पण राज्यघटना अजून तयार व्हायची होती. त्यामुळे राष्ट्रपित्याच्या खुनाचा खटलासुद्धा इंग्लंडच्या राजाच्या नावाने उभा राहिला. राजाच्या नावाने, पण खरे पाहता नव्या देशाच्या वतीने बोलण्यासाठी जे वकील उठून उभे राहिले, ते होते चंदर किशन दफ्तरी. तेव्हा ते मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे महाधिवक्ता होते. दोनच वर्षांनी ते भारताचे पहिले सॉलिसिटर जनरल झाले आणि 1963 मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे भारत सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी.

लाल किल्ल्यातल्या फिर्यादी पक्षाच्या टेबलापासून सर्वोच्च न्यायालयातल्या ॲटर्नी जनरलच्या जागेपर्यंतचा हा प्रवास या प्रकरणात पाहायचा आहे. त्यामागे एक प्रश्न आहे आणि तो कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्या माणसाच्याही जिव्हाळ्याचा आहे. सरकारचा पगार किंवा मानधन घेऊन जो वकील उभा राहतो, तो नेमका कोणाचा?

फिर्याद कोणाची?

दिवाणी दाव्यात दोन पक्ष असतात आणि प्रत्येकाचा आपापला वकील असतो. फौजदारी खटल्याची घडण वेगळी आहे. शेजाऱ्याने डोके फोडले तर फुटते आपले, पण खटला उभा राहतो तो 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक' असा. गुन्हा एकाविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्धचा अपराध आहे, या कल्पनेवर आपला फौजदारी कायदा उभा आहे. म्हणून सत्र न्यायालयातला प्रत्येक खटला सरकारी वकीलच चालवतो. ज्याच्या घरात खून झाला त्याने स्वतःच्या पैशाने मोठा वकील केला, तरी त्या वकिलाला सरकारी वकिलाच्या मार्गदर्शनाखालीच काम करावे लागते.

या रचनेत सरकारी वकिलाच्या हाती मोठी सत्ता येते आणि तेवढेच मोठे बंधनही येते. बचावाच्या वकिलाने आपल्या अशिलाला सोडवण्यासाठी कायद्याच्या चौकटीत सर्व काही करावे, हे त्याचे कर्तव्यच. सरकारी वकिलाला मात्र 'काहीही करून शिक्षा' असे ध्येय ठेवता येत नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तो दडपायचा नाही. साक्षीदार पढवायचा नाही. पुरावा पुरत नसेल तर तसे सांगायचे. आरोपीला शिक्षा झाली म्हणजे सरकारी वकील जिंकला आणि तो सुटला म्हणजे हरला, असे आपण बोलताना सहज म्हणतो, पण या पदाची भाषा ती नव्हे. निरपराध माणूस सुटला तर सरकारी वकिलाचेही काम फत्ते झालेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व 1994 मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र शासन या टाडाच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, प्रकरणात स्पष्ट केले. सरकारी वकील हा तपासयंत्रणेचा भाग नाही. कायद्याने निर्माण केलेले ते स्वतंत्र पद आहे. पोलिसांनी पुढे केलेला कागद डोळे मिटून कोर्टात सादर करणारा तो टपालवाला नव्हे. तो आधी स्वतः कागद वाचतो, तपासतो, मनाशी निर्णय करतो आणि मगच न्यायाधीशांपुढे ठेवतो.

लाल किल्ल्यातली साखळी

गांधी खून खटल्यात सरकारी वकिलाचे काम सोपे होते, असे पुष्कळांना वाटते. खून शेकडो लोकांदेखत झाला. मारेकरी जागेवर पकडला गेला. त्याने गोळ्या झाडल्याचे नाकारलेही नाही. मग 149 साक्षीदार कशासाठी तपासले?

याचे उत्तर 'कट' या एका शब्दात आहे. गोळ्या कोणी झाडल्या, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. नथुरामचे म्हणणे होते की हे कृत्य माझ्या एकट्याचे. फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते की यामागे अनेकांनी मिळून रचलेला कट आहे. खून डोळ्यांना दिसतो, कट दिसत नाही. तो चार भिंतींच्या आत, कुजबुजत ठरतो. त्याचा पुरावा म्हणजे छोट्याछोट्या कागदांची, नोंदींची आणि तारखांची साखळी. मुंबईचा महाधिवक्ता दिल्लीच्या खटल्यात का, याचेही उत्तर त्यातच आहे. कटाचे बहुतेक धागे मुंबई इलाख्यातून निघाले होते. ज्या कायद्याखाली हे खास न्यायालय नेमले तोही मूळचा मुंबईचाच, दिल्लीला लागू केलेला.

या साखळीच्या काही कड्या जवळून पाहू. 13 आणि 14 जानेवारी 1948 या दोन दिवसांत नथुरामने आपल्या आयुर्विम्याच्या दोन पॉलिसींवर वारस नेमले. एकीवर सहआरोपी नारायण आपटे यांच्या पत्नीचे नाव लागले, दुसरीवर धाकट्या भावाच्या पत्नीचे. विमा कंपनीच्या दफ्तरातली ही साधी नोंद. पण ठरावीक दिवशी आपल्यामागची व्यवस्था लावणारा माणूस पुढे काय करणार आहे, हे ती नोंद न बोलता सांगते.

17 जानेवारीला दोन प्रवासी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिकिटांवर नावे होती 'डी. एन. करमरकर' आणि 'एस. मराठे'. त्याच दिवशी दिल्लीच्या मरिना हॉटेलात दोन पाहुणे उतरले, नोंदवहीत 'एस. देशपांडे' आणि 'एम. देशपांडे' म्हणून. 20 जानेवारीला गांधीजींच्या प्रार्थनासभेच्या जागी स्फोट झाला. आरोपींपैकी मदनलाल पाहवा पकडला गेला, बाकीचे पसार झाले. पोलीस मरिना हॉटेलात पोचले तेव्हा धुलाईला दिलेले कपडे मागे राहिले होते. त्यांवर धोब्याची खूण होती : 'एन.व्ही.जी.'. खोटे नाव सांगणारा माणूस सदऱ्यावरची खूण पुसायला विसरला होता.

27 जानेवारीला पुन्हा मुंबईहून दिल्लीचे विमान. या वेळी तिकिटांवर 'डी. नारायणराव' आणि 'एन. विनायकराव'. मराठी माणसाला या नावांचा उलगडा करून सांगायला नको. नारायण दत्तात्रेय आपटे आणि नथुराम विनायक गोडसे यांच्या स्वतःच्या व वडिलांच्या नावांचीच ती फिरवाफिरव आहे. आडनाव तेवढे गाळले.

हॉटेलचा कारकून, विमान कंपनीचा कर्मचारी, विम्याचा अधिकारी, टॅक्सीवाला, स्टेशनातल्या विश्रामगृहाचा नोकर. अशी साधी माणसे एकामागून एक साक्षीला आली आणि आपल्यापुरती एकेक गोष्ट सांगून गेली. सारी कहाणी त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हती. ती जुळवून कोर्टापुढे उभी करणे हे सरकारी वकिलाचे काम. मोठमोठ्या भाषणांनी खटले सिद्ध होत नाहीत. तारीख, नोंद, सही आणि खूण यांवर ते उभे राहतात. दफ्तरींबरोबर या कामात पेटिगारा, व्यवहारकर, जे. सी. शहा ही मंडळी होती. जे. सी. शहा हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते दोनदा भेटणार आहे.

जे सिद्ध झाले नाही

साखळी कितीही लांब असली तरी तिच्यात एक कच्ची कडी असते. या खटल्यात ती होती माफीचा साक्षीदार. पुण्यात शस्त्रांचा व्यवहार करणारा दिगंबर बडगे मूळचा आरोपींपैकीच एक. त्याला माफी मिळाली आणि तो फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार झाला. गुन्ह्यात सामील असलेला माणूस स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्यांची नावे सांगतो, तेव्हा त्याच्या शब्दावर किती विसंबायचे? आपल्या पुरावा कायद्याचे उत्तर फार शहाणपणाचे आहे. अशा साक्षीवर शिक्षा देता येते, पण स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा मिळाल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, हाच सावधपणाचा नियम.

बडगेच्या जबानीतल्या पुष्कळ गोष्टींना हॉटेलच्या नोंदी, प्रवासाच्या तारखा, इतर साक्षीदार यांचा दुजोरा मिळाला. न्यायाधीशांनी त्या मानल्या. विनायक दामोदर सावरकर यांच्याविरुद्ध तो जे बोलला, त्याला मात्र पुरेसा दुजोरा मिळाला नाही. केवळ माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून त्यांना दोषी धरणे सुरक्षित नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकरांची निर्दोष मुक्तता. सरकारने त्या मुक्ततेविरुद्ध अपील केले नाही.

त्याच निकालपत्रात न्यायाधीशांनी पोलिसांवरही ताशेरे ओढले. 20 जानेवारीचा स्फोट आणि 30 जानेवारीचा खून यांच्यामधल्या दहा दिवसांत तपासात तत्परता दाखवली असती, तर अनर्थ टळू शकला असता, असा त्यांचा निष्कर्ष होता. राष्ट्रपित्याच्या खुनाच्या खटल्यात, देश शोकात आणि संतापात बुडालेला असताना, एक न्यायाधीश सरकारच्याच पोलिसांना दोष देतो आणि एका आरोपीला पुराव्याअभावी सोडतो. त्या निकालाबद्दल आजही वाद होतात. माझ्या मते त्या न्यायालयाची खरी उंची त्या निकालाच्या स्वातंत्र्यात आहे.

पुढे सिमल्याच्या 'पीटरहॉफ' या जुन्या वास्तूत पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे अपिले चालली. तिथेही सरकारची बाजू दफ्तरींनी मांडली. जून 1949 मध्ये निकाल आला. ग्वाल्हेरचे दत्तात्रेय परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या हे दोघे सुटले. बाकीच्यांच्या शिक्षा कायम राहिल्या. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाला तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली.

हिशेब मांडला तर खास न्यायालयात उभ्या राहिलेल्या आठांपैकी तिघे शेवटी सुटले. 'सगळ्यांना लटकवा' म्हणणाऱ्या जमावाच्या मापाने हे अपयश ठरेल. न्यायाच्या मापाने पाहिले तर पुरावा तोलूनच प्रत्येकाचा निवाडा झाला, याची ती खूण आहे.

प्रजासत्ताकाचा वकील

26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली आणि 28 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. स्वतःची इमारत अजून नव्हती. संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात न्यायालय भरले. पहिले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि पहिले सॉलिसिटर जनरल दफ्तरी. दोघेही मुंबई उच्च न्यायालयाच्या बारमधले आणि दोघेही मुंबईचे माजी महाधिवक्ते. ही जोडी तेरा वर्षे टिकली. सेटलवाड निवृत्त झाल्यावर 2 मार्च 1963 ला दफ्तरी त्यांच्या जागी आले आणि ऑक्टोबर 1968 पर्यंत राहिले.

ॲटर्नी जनरलच्या पदाची घडण घटनेच्या अनुच्छेद 76 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेलीच व्यक्ती राष्ट्रपती या पदावर नेमतात. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ती पदावर राहते. देशातल्या कोणत्याही न्यायालयात तिला बाजू मांडता येते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, मत मात्र देता येत नाही. राज्यांसाठी असेच पद अनुच्छेद 165 मध्ये आहे, ते महाधिवक्त्याचे. सॉलिसिटर जनरलचे पद घटनेत नाही. ते वेगळ्या नियमांनी चालते.

इंग्लंडमध्ये ॲटर्नी जनरल हा सत्तेतल्या राजकीय मंडळींपैकीच एक असतो. आपल्या घटनाकारांनी तो मंत्री असावा असे ठरवले नाही. सरकारला सल्ला द्यायचा, सरकारच्या वतीने लढायचे, पण सरकारमध्ये बसायचे नाही. बोलण्याचा अधिकार असावा आणि मताचा नसावा, या एका तरतुदीत या पदाचे सारे मर्म आहे. त्याचे बोलणे कायद्याचे असावे, पक्षाचे नसावे.

हे मर्म व्यवहारात कसे उतरते, याचा वस्तुपाठ सेटलवाडांनी 1958 मध्ये दिला. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले होते. हा पैसा विमा काढणाऱ्या सामान्य माणसांचा होता. फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी उघड झाली. मुंबईत आत जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले गेले. या आयोगापुढे सेटलवाड ॲटर्नी जनरल म्हणून उभे राहिले आणि ज्या सरकारचे ते वकील, त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना अडचणीचे ठरणारे निष्कर्षही त्यांनी मोकळेपणाने मांडले. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सेटलवाड आपल्या पदावर आणखी पाच वर्षे राहिले. सरकारच्या वकिलाने सत्य सांगितले आणि सरकारने ते पचवले. दोन्ही गोष्टींचे मोल सारखेच.

सभागृह, न्यायालय आणि कच्छचे रण

दफ्तरी ॲटर्नी जनरल झाल्यानंतर वर्षभरातच एक विलक्षण पेच उभा राहिला. उत्तर प्रदेशच्या विधानसभेने केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्याला हक्कभंगाबद्दल तुरुंगात टाकले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला. विधानसभेने संतापून त्या न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणण्याचा हुकूम काढला. त्यावर उच्च न्यायालयाच्या 28 न्यायमूर्तींचे पूर्णपीठ बसले आणि त्यांनी त्या हुकमाची अंमलबजावणी थांबवली. लोकशाहीचे दोन खांब एकमेकांवर आदळायच्या बेतात आले. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले.

त्या सुनावणीचे चित्र मुंबईच्या वकिली परंपरेचा अभिमान वाटावा असे आहे. न्यायमूर्तींच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड. विधानसभेच्या बाजूने महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सिरवई. केंद्राच्या वतीने ॲटर्नी जनरल दफ्तरी. आणि सात जणांच्या पीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. चौघेही मुंबईच्या न्यायालयात घडलेले. 30 सप्टेंबर 1964 ला मत आले. न्यायमूर्तींनी जामीन देऊन सभागृहाचा अवमान केलेला नाही, असे बहुमताने ठरले. या पेचात केंद्र सरकार ना सभागृहाच्या बाजूचे होते, ना न्यायमूर्तींच्या. अशा वेळी ॲटर्नी जनरलचे काम जिंकणे हे नसतेच. न्यायालयाला घटनेचा अर्थ लावायला साहाय्य करणे, एवढेच ते असते.

दुसरे मोठे काम देशाबाहेर निघाले. 1965 च्या उन्हाळ्यात कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या आणि सीमेचा वाद लवादाकडे सोपवायचे ठरले. लवादाचे अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन. एक सदस्य युगोस्लाव्हियाचे, एक इराणचे. जिनिव्हात सुनावणी चालली. भारताची बाजू मांडणाऱ्या वकिलांत ॲटर्नी जनरल दफ्तरी होते आणि नानी पालखीवालाही होते. पुरावा होता जुन्या नकाशांचा, संस्थानी पत्रव्यवहाराचा, इंग्रज सरकारच्या अहवालांचा. लाल किल्ल्यात हॉटेलची नोंदवही होती, इथे सर्वेक्षणाचे नकाशे. आवाका बदलला, पण काम तेच राहिले. जुना कागद शोधायचा, तो खरा असल्याचे दाखवायचे, त्याला दुसऱ्या कागदाचा दुजोरा द्यायचा.

19 फेब्रुवारी 1968 ला निवाडा आला. वादातल्या मुलखापैकी नऊ दशांशाच्या आसपास भाग भारताकडे राहिला आणि एक दशांशाच्या आसपास पाकिस्तानला मिळाला. देशात संताप उसळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. पण लवाद मान्य करू असा शब्द भारताने दिला होता आणि तो पाळला. खटल्यात उतरताना निकाल मानण्याची तयारी ठेवावी लागते. हा नियम आरोपीला लागू आहे तसा सरकारलाही.

निवृत्तीनंतरची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर हीन आरोप करणारे पत्रक छापून वाटले गेले होते. दफ्तरींनी इतर ज्येष्ठ वकिलांबरोबर स्वतः अर्जदार होऊन न्यायालयाच्या अवमानाची कारवाई मागितली. मार्च 1971 मध्ये निकाल लागला आणि पत्रक काढणाऱ्याला शिक्षा झाली. ते न्यायमूर्ती म्हणजे लाल किल्ल्यातल्या फिर्यादी पक्षाच्या टेबलावर त्यांच्याशेजारी बसलेले जे. सी. शहा. आता ते देशाचे सरन्यायाधीश होऊन निवृत्त झाले होते.

एक उत्तर

सरकारचा मुख्य वकील कसा असावा, हे कधी कधी उलट्या उदाहरणानेच नीट कळते. दफ्तरींनंतर आलेले ॲटर्नी जनरल निरेन डे आणीबाणीत सरकारची बाजू मांडत होते. बंद्यांच्या हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अटकेला आव्हान देणाऱ्या, अर्जांवर सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी त्यांना विचारले : एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे का? डे यांचे उत्तर असे, की आपला युक्तिवाद खरा मानला तर उपाय नाही. 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकले. विरोधी मत एकट्या खन्नांचे. तो निकाल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच मोडीत काढला.

त्याच काळात फली नरिमन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी राजीनामा दिला. सरकारी वकिलाला नेहमी दोन वाटा मोकळ्या असतात. सरकारला आत बसून 'नाही' म्हणणे ही एक आणि ते ऐकले गेले नाही तर बाहेर पडणे ही दुसरी. 'मला सांगितले म्हणून मी बोललो' ही तिसरी वाट या पदाला शोभत नाही.

1977 मध्ये सत्ता बदलली आणि आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख होते जे. सी. शहा. दफ्तरी तेव्हा राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. 1983 मध्ये त्यांचे निधन झाले.

तालुक्याच्या कोर्टापर्यंत

दिल्लीतली ही नावे मोठी आहेत. पण या पदाची खरी कसोटी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात लागते. तिथे सकाळी साडेदहाला एक सरकारी वकील उभा असतो. हातात पंधरा-वीस प्रकरणांचे गठ्ठे. साक्षीदार बाहेर झाडाखाली ताटकळलेला, तपास अधिकारी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला, पंच घाबरून उलटायच्या बेतात. मुद्देमालावरचे लेबल आणि पंचनाम्यातला आकडा जुळत नाही. त्या एका आकड्यावरून खटला कोसळू शकतो, हे त्याला माहीत असते.

या वकिलाला पोलिसांच्या हुकमतीखाली ठेवू नये, ही मागणी जुनी आहे. सेटलवाडांच्याच अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात तशी शिफारस केली होती. 1995 मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याला आदेश दिला, की साहाय्यक सरकारी अभियोक्त्यांचे केडर पोलीस खात्यापासून वेगळे करा. 2005 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन अभियोग संचालनालयाची तरतूद आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. शिफारशीपासून कायद्यापर्यंत यायला जवळजवळ अर्धशतक लागले.

कायद्याने आणखी एक जोखमीचा अधिकार सरकारी वकिलाला दिला आहे, खटला मागे घेण्याचा. तो वापरायला न्यायालयाची संमती लागते आणि निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या विवेकाने घ्यायचा असतो. मंत्रालयातून आलेल्या पत्राखाली सही ठोकणे म्हणजे विवेक नव्हे. आंदोलनातले किरकोळ गुन्हे मागे घेणे समाजाच्या हिताचे असू शकते. वजनदार माणसावरचा खटला गुपचूप मागे घेणे हा समाजावर अन्याय असतो. या दोहोंतला फरक ओळखणारा माणूस त्या जागी हवा. म्हणून नेमणुकीच्या वेळी पात्रता पाहायची, की पुढाऱ्याशी असलेली जवळीक, हा प्रश्न वकिलांच्या वर्तुळातला राहत नाही. तो आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेचा होतो.

सुरुवातीचा प्रश्न होता, सरकारचा वकील कोणाचा? दफ्तरींच्या वाटचालीतून मला जे उत्तर दिसते ते असे. वकीलपत्र सरकारचे असते, बांधिलकी न्यायालयाशी असते आणि त्याचे खरे अशील म्हणजे समाज. लाल किल्ल्यात 'रेक्स' म्हणून, दिल्लीत प्रजासत्ताक म्हणून, जिनिव्हात देश म्हणून तो ज्याच्या वतीने उभा राहिला, ती आपण साधी माणसेच होतो.

म्हणून एक विनंती. कधी काळी साक्षीचे किंवा पंचाचे समन्स तुमच्या हाती पडेल. कामाचा दिवस मोडेल, घरचे 'कशाला या भानगडीत' म्हणतील. तरीही जा. हॉटेलच्या कारकुनाने नोंदवही आणली, विमा अधिकाऱ्याने कागद दाखवला, टॅक्सीवाल्याने पाहिले ते सांगितले, म्हणून या देशातला सर्वांत मोठा खटला उभा राहिला. जे पाहिले तेवढेच सांगा, जे पाहिले नाही ते कोणी कितीही पढवले तरी सांगू नका. समोर काळ्या कोटात उभा असलेला सरकारी वकील तुमचाच आहे.